बारवेतली खरखर

लाईट गेली ते बरंच झालं. नाहीतर तुम्ही पोरं त्या मोबाईलमधून मान वर काढत नव्हता. या, सरकून बसा अलीकडं. आणि ते दार लोटा, गार वारं येतंय.

भुताची गोष्ट सांगा म्हणता, तर माझ्याकडं एकच आहे आणि तीही माझी नाही. परंड्याच्या स्टँडसमोर माझं शिलाईचं दुकान होतं, तेव्हा शेजारच्या गाळ्यात फकरुद्दीन रेडिओवाला बसायचा. हा माणूस एकाच बाबतीत खोटं बोलायचा, तुमचा रेडिओ कधी दुरुस्त होईल ते सांगताना. बाकी त्याचा शब्द म्हणजे शब्द. त्यानं हे मला एकदाच सांगितलं, दुकानाच्या फळ्या लावून, आणि सांगताना सारखा दाराकडं बघत होता. नंतर कधी विचारलं तर चहा मागवायचा आणि विषय बदलायचा. तेव्हा ऐकायचं तर नीट ऐका. मध्येच कुणी उठून लघवीला जायचं नाही. नंतर तर जाणारच नाही तुम्ही, मला माहीत आहे.

बासष्ट साल. दिवाळी होऊन गेली होती. तिकडं चीनची लढाई चालू, त्यामुळं जो तो बातम्यांसाठी जुना रेडिओ घेऊन फकरुद्दीनच्या दारात. पण त्याचं खरं नाव झालं होतं ते रेडिओमुळं नाही, यंत्रामुळं. पुण्याच्या जुन्या बाजारात लष्कराच्या भंगारात त्याला जमिनीतले सुरुंग शोधायचं यंत्र मिळालं होतं. गड्यानं ते पाण्यात चालेल असं करून घेतलं. तेव्हा गावोगाव विहिरींवर इंजिनं बसत होती. पाइपाच्या तळाचा फूटवॉल तुटून पाण्यात पडायचा, पान्हे पडायचे, बायकांच्या घागरी पडायच्या. गळ टाकून टाकून माणसं रडकुंडीला आली की फकरुद्दीनला बोलावणं यायचं.

यंत्र म्हणजे काय, तर एक पेटी. पेटीला जाड केबल. केबलच्या टोकाला ताटाएवढी लाकडी थाळी आणि थाळीच्या आत तांब्याच्या तारेचं वेटोळं. पेटी चालू करून हेडफोन कानाला लावला की बारीक गुणगुण ऐकू यायची. थाळीजवळ धातू आला की ती गुणगुण चढायची. धातू जितका मोठा आणि जितका जवळ, तितका सूर वर. थाळी हाच यंत्राचा डोळा. ती नसली तर पेटी आंधळी.

पण पाण्यात सगळा खेळ सांध्याचा. केबल थाळीला जिथं मिळते तिथं एक थेंब आत शिरला की कानात खरखर सुरू. म्हणून फकरुद्दीन तो सांधा मेणानं भरायचा, त्यावर डांबर लावायचा आणि वरून सायकलची ट्यूब आवळून बांधायचा. तरीही खरखर आलीच तर त्याची एक रीत होती. मला कैकदा सांगायचा, "आवाजाला भ्यायचं न्हाय. हुडकायचं. बाहेरचा हाय का? ब्याटरीचा हाय का? केबलचा का सांध्याचा? एकेक बाजूला काढत जायचं. जे काढल्यावर आवाज थांबला, चोर तेच."

ही रीत त्याला कधी दगा देत नव्हती. त्या गुरुवारपर्यंत.

कार्तिकातली संकष्टी होती. दुपारी दुकानासमोर एक धनगराची बाई येऊन उभी राहिली. खांद्यावर घोंगडी, पायात धुळीनं माखलेल्या वहाणा. तेरच्या बाजूची होती, गजराबाई नाव.

"तुमीच का ते हिरीतलं हुडकणारे?"

"व्हय मावशी. काय पडलंय?"

"लेक," ती म्हणाली.

फकरुद्दीनच्या हातातली डाग द्यायची कावी खाली आली.

तिची थोरली लेक हरणाबाई इकडं एका गावात दिलेली. गावाचं नाव मी सांगत नाही, तिथं त्या घरची नातवंडं आजही नांदतात. कुर्डुवाडीच्या रस्त्यावरून आत वळलं की लागतं. हरणाबाईच्या सासऱ्याचं नाव श्रीमंत, गावचा सरपंच. मागच्या उन्हाळ्यात त्यानं सांगावा धाडला की तुमची पोरगी अंगावरच्या चांदीसकट रात्रीतून पळून गेली, कुणाबरोबर गेली ते तुमचं तुम्ही हुडका. पोलीस एकदा येऊन गेले. कागदावर तेच लागलं. गजराबाईच्या धाकट्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, आणि थोरलीचं नाव घ्यायचीही घरात चोरी झाली.

"माझी हरणा पळून जाणारी न्हाय बाबा," गजराबाई म्हणाली. "पंचमीला म्या त्या गावाला गेले व्हते. तिथं जुनी बारव हाय, गोड पाण्याची. तर बाया बारव सोडून लांब वढ्याचं पाणी आणत्यात. का म्हणून इचारलं तर कुणी वर बघंना. तवाच मला कळलं."

आणि आता घाई अशी होती, की त्या बारवेच्या पायऱ्यांवरून लोक पाण्यात उतरतात आणि त्यानं गावात नारू होतो, असं म्हणून सरपंचानं बारव बुजवायचं ठरवलं होतं. नारू म्हणजे पायातून सुतासारखा किडा निघायचा, तुम्ही नाही बघितला ते नशीब तुमचं. कारण खरंच होतं, त्यामुळं कुणी नाही म्हणायचा प्रश्न नव्हता. शुक्रवारी दिवस उगवला की दगडाच्या गाड्या ओतायच्या. गजराबाई पोलीस पाटलाच्या पाया पडली. तो गुंडप्पा, माणूस सरळ होता. तो म्हणाला, "बाई, नुसत्या तुमच्या मनावर मला काय करता येणार? परंड्याच्या फकरुद्दीनचं यंत्र वाजलं, तर गाड्या थांबवून फौजदाराला बोलावतो. न्हाय वाजलं तर माझा इलाज न्हाय."

"तिच्या पायात चांदीचे तोडे व्हते," गजराबाई म्हणाली. "माझ्या सासूचे. लई जड. तुमचं यंत्र चांदीवर वाजतं का?"

"वाजतं," फकरुद्दीन म्हणाला. पण त्याचा धीर होईना. गावचा सरपंच, रात्रीचं काम, आणि शोधायचं ते असलं. दुकानामागंच घर होतं. पडद्याआडून त्याची बायको नसीमबी सगळं ऐकत होती. तिनं एवढंच म्हटलं, "जाऊन या की. तिची लेक हाय."

मग त्यानं पेटी सायकलला बांधली.

रात्रीचं काम का, असं तुम्ही विचाराल. तेव्हाची पुष्कळ इंजिनं रॉकेलवर चालायची आणि त्यांच्या ठिणगीची चरचर हेडफोनमध्ये यायची. ती बंद झाल्याशिवाय बारीक धातू ऐकूच येत नाही. ती दोघं गावाबाहेर पोचली तेव्हा शिवारात अजून दोन ठिकाणी इंजिन धडधडत होतं. बारवेच्या काठाला दगडांनी भरलेल्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या, बैल सोडलेले. गुंडप्पा कंदील घेऊन बसला होता आणि उपासानं वैतागला होता.

"चंद्र निघाला की म्या जेवायला जाणार," त्यानं आधीच सांगून टाकलं. "तुमच्या यंत्राला घाई करायला सांगा."

एका गाडीच्या जुवावर आणखी एकजण बसला होता. उठून पुढं आला. पांढरं धोतर, हसरा चेहरा.

"या रेडिओवाले," श्रीमंत म्हणाला. "बघा, बघा. बाईच्या मनाचं समाधान होऊ द्या. काय गावलं तर मलाबी सांगा." गजराबाईकडं त्यानं पाहिलंही नाही. सावकाश चालत घराकडं गेला. फकरुद्दीनला ते हसणं अजिबात आवडलं नाही. ज्याला भीती नाही असा माणूस एकतर निर्दोष असतो, नाहीतर त्याला काहीतरी माहीत असतं, असं तो मला म्हणाला होता.

बारव जुन्या घडीव दगडांची. एका अंगानं पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, बाकी तीन बाजू सरळ भिंती. अर्ध्या वाटेवर कोनाडा, त्यात साती आसरांचे, पाण्यातल्या देवतांचे, शेंदूर फासलेले दगड. पाऊस चांगला झाला होता, पाणी वर आलेलं. काळं आणि एकदम निश्चल.

त्यांनी काम असं वाटून घेतलं. थाळीला दोर बांधला आणि त्याचं टोक समोरच्या काठावर गुंडप्पाच्या हातात दिलं. त्यानं काठावरून हळूहळू सरकत थाळी तळावरून ओढत न्यायची. फकरुद्दीन खाली, शेवटच्या कोरड्या पायरीवर, पेटी मांडीशी घेऊन. केबल त्याच्या हातातून पाण्यात गेलेली. गजराबाई त्याच्या शेजारी, त्याच पायरीवर, कंदील धरून.

शेवटचं इंजिन थांबलं. शिवार शांत झालं. फकरुद्दीननं बिस्मिल्ला म्हणून पेटी चालू केली, आतल्या काचेच्या नळ्या तापू दिल्या आणि हेडफोन चढवला.

गुणगुण आली. स्वच्छ.

पहिला तासभर त्याचं रोजचंच काम चाललं. सूर चढला की गुंडप्पाला थांब म्हणायचं आणि गळ सोडून वर ओढायचं. एक बुडाला भोक पडलेली बादली निघाली. मोटेची लोखंडी कडी निघाली. एक तांब्या निघाला, तो गुंडप्पानं लगेच ओळखला आणि म्हणाला, "ह्यो आमच्याच घरचा!" फकरुद्दीनलाही हसू आलं. गजराबाई प्रत्येक वेळी कंदील वर करून बघायची आणि म्हणायची, "न्हाय. पुढं बगा." थोड्या वेळानं ती तेवढंही म्हणेना, नुसती मान हलवायची.

थाळी पायऱ्यांच्या जवळ आली. जिथं पायऱ्या पाण्याखाली संपतात त्या अंगाला. आणि कानात खरखर सुरू झाली.

खर्र… खर्र… मग थांबली. मग पुन्हा.

फकरुद्दीनला रागच आला. आज दुपारीच त्यानं सांधा नवा भरला होता. त्यानं हेडफोन एका कानावरून सरकवला आणि वर ओरडला, "पाटील, कुठं इंजिन चालू झालं का?"

"न्हाय. सगळं सामसूम हाय."

म्हणजे आवाज बाहेरचा नव्हता. त्यानं पेटी उघडून बॅटरी बदलली. नळ्या पुन्हा तापल्या. खर्र… खर्र… बॅटरीचाही नव्हता. मग केबल. केबल आतून तुटली असेल तर ती हलवली की आवाज बदलतो. त्यानं हातानं चाचपत वीत वीत केबल हलवून पाहिली, वाकवली, पिळली. आवाज जसा होता तसाच. कमी नाही, जास्त नाही.

"सांधाच गळतोय," तो गजराबाईला म्हणाला. "काढून बघावं लागंल."

थाळी पाण्याबाहेर येताच खरखर बंद झाली. त्याला बरं वाटलं. रीतीप्रमाणं चोर सापडला होता. गजराबाईनं कंदील जवळ धरला. त्यानं ट्यूब सोडली, डांबर खरवडलं, मेण काढलं.

आत तांबं चकचकीत. कोरडं ठणठणीत.

त्यानं फडक्यानं उगीचच पुसलं. बोटानं चाचपलं. मग गजराबाईच्याच कंदिलावर मेण पातळ करून सांधा पुन्हा भरला, अंगठ्यानं दाबला, डांबर थापलं आणि ट्यूब इतकी आवळली की बोटांना वळ पडले. थाळी पुन्हा सोडली.

दुसरीकडं कुठंही आवाज स्वच्छ यायचा. पायऱ्यांच्या तळाशी आली की… खर्र.

आता तो लक्ष देऊन ऐकू लागला. आणि त्याच्या ध्यानात आलं की पाणी शिरलेल्या सांध्याची खरखर अशी नसते. ती सलग असते, वेडीवाकडी असते. ही थांबत होती. घासल्यासारखी. काहीतरी दगडावरून ओढावं, थोडं थांबावं… पुन्हा ओढावं.

"फकरुद्दीनभाई," वरून गुंडप्पाचा आवाज आला. "दोर का वढताय वो?"

"म्या न्हाय वढत."

"मग कोण वढतंय?"

फकरुद्दीननं हातातली केबल पाहिली. सैल होती. पाण्यावर तरंगही नव्हता.

"कासव असंल," तो म्हणाला.

"ह्या बारवेत कासव न्हाय," गुंडप्पा म्हणाला. आणि मग थोड्या वेळानं, जरा बारीक आवाजात, "सोडलं आता. ज्यानं धरलं व्हतं त्यानं…"

फकरुद्दीनला सरळ उठून जावंसं वाटलं. यंत्र बिघडलंय, उद्या येतो, एवढं म्हटलं की संपलं. पण उद्या नव्हता. उद्या दगड होते. शेजारी गजराबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती. खरखर म्हणजे यंत्राचा दोष, खरखरीला वाजणं म्हणत नाहीत. त्याला खोटं बोलता आलं असतं. पण पाणी उपसून काही निघालं नसतं, तर तिची लेक दुसऱ्यांदा पळून गेली असती, सगळ्या गावाच्या समोर. तिच्यासाठी त्याला खरंच काहीतरी ऐकायचं होतं.

राहिली एकच परीक्षा. पेटी स्वतःच बिघडली असेल तर? त्यासाठी पेटी चालू ठेवून केबलच पेटीतून उपटून काढायची. केबल गेली की थाळी गेली. आंधळी पेटी नुसती सू सू करते. पेटीनं तसं केलं तर दोष बाहेर आहे, नाहीतर आत.

त्यानं केबल उपटली. टोक पायरीवर ठेवलं. कंदिलाच्या उजेडात त्याची पितळी टोकं दिसत होती, हवेत, कशालाही न लागलेली.

कानात सू सू…

खरखर थांबली होती. त्यानं श्वास सोडला. पेटी चांगली होती. बिघाड त्या थाळीतच. आत्ताच थाळी उकलून…

गुणगुण.

त्याला वाटलं भास झाला. त्यानं पुन्हा केबलकडं बघितलं. ती तिथंच पडली होती, पायरीवर, पेटीपासून वीतभर लांब.

गुणगुण चढली. थोडीच. मग तिथंच थांबली.

पुन्हा थोडी चढली. थांबली.

ही खरखर नव्हती. हा धातूचा सूर होता, त्यानं शेकडो वेळा ऐकलेला. जवळ येणाऱ्या धातूचा. पण थाळी तर पाण्यात होती, पेटीला न जोडलेली. मग पेटी कशावर वाजत होती?

चढली. थांबली.

एकेक पायरी चढावी तशी.

त्यानं समोर बघितलं. पाण्यात उतरलेल्या पायऱ्या, पहिली दिसत होती, दुसरी अंधुक, मग काळं. कंदील नीट जळत होता. पाणी हललं नव्हतं. कुणी नव्हतं.

चढली.

हेडफोन काढावा म्हणून त्यानं हात उचलला. हात कानापर्यंत जाईना. वास आला… गाळाचा, कुजक्या पानांचा, बंद पाण्याचा. सूर आता इतका तीव्र झाला होता की दात शिवशिवू लागले.

चढली… थांबली.

आणि थांबूनच राहिली. अगदी जवळ. ह्याच पायरीवर.

फकरुद्दीननं मान वळवली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला फक्त गजराबाई दिसत होती. तिच्या कानाला काही नव्हतं. तिला ना खरखर ऐकू आली होती, ना सूर. ती पाण्याकडं बघत होती…

मग ती सरकली.

पायरीवर बसलेली बाई दुसरी कुणी आली की सरकते ना, तशी. दोघांच्या मध्ये जागा करून दिली. खांद्यावरची घोंगडी काढली. तिचं एक टोक त्या रिकाम्या जागेवर टाकलं.

घोंगडी खाली पडली नाही.

"लई गार पडलीस गं," गजराबाई म्हणाली.

…

…किती वेळ गेला ते फकरुद्दीनला सांगता येत नव्हतं. तो एवढंच म्हणाला की आयुष्यात कधी इतकं भ्यालो नव्हतो आणि कधी इतकं रडूही आलं नव्हतं. मग त्याच्या घशातून आवाज फुटला, तो त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"पाटील! वाजलं! वाजलं वो… वाजलं!"

सूर उतरला. एक पायरी. मग आणखी एक.

"थांब की गं जरा," गजराबाई म्हणत होती. "हरणा… थांब की."

उतरला. उतरला. सू सू राहिली. घोंगडी सावकाश खाली बसली, आणि तिचं ते टोक पाण्यातून काढल्यासारखं निथळत होतं.

पुढचं दिवसाउजेडाचं आहे, ते सांगतो लवकर. गुंडप्पा जेवायला गेलाच नाही. दिवस उगवला, गाडीवान बैल घेऊन आले, मागून श्रीमंत आला. गुंडप्पा काठी आडवी धरून गाड्यांसमोर उभा राहिला. "यंत्र वाजलंय. फौजदार आल्याबिगर एक दगड आत पडणार न्हाय."

"कशावर वाजलं?" श्रीमंतनं विचारलं. अजून हसत होता. "चांदीवर? शक्यच न्हाय."

"का शक्य न्हाय?" गुंडप्पानं शांतपणे विचारलं.

तेव्हा कुठं त्याचं हसू मावळलं.

फौजदार आला. इंजिनं लावून बारव उपसली. पायऱ्यांच्या तळाशी गाळात हरणाबाई होती, कमरेला जात्याची दगडी पाळ बांधलेली. राहिलं काय होतं, हाडंच. गजराबाईनं डाव्या हाताचं हाड उचलून घेतलं. लहानपणी मेंढ्यामागं पळताना पडली होती, ते वाकडं जुळलं होतं. तिनं त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "माझीच." मग मोठ्यांदा रडली. इतके महिने चोरून रडत होती, त्या दिवशी सगळ्या गावादेखत रडली.

पायात तोडे नव्हते. ते सापडले श्रीमंतच्या घरी, ज्वारीच्या कणगीत. पाण्यात ढकलायच्या आधी काढून घेतले होते. गाळ चाळून बघितला, हरणाबाईच्या अंगावर धातूचा कणसुद्धा निघाला नाही. एक मणी नाही, टाचणी नाही. फौजदारानं फकरुद्दीनला बाजूला घेतलं. "मग तुमचं यंत्र वाजलं कशावर?"

फकरुद्दीन म्हणाला, "केबलमधी दोष हाय, सायेब."

दुसरं काय सांगणार? श्रीमंत आणि त्याचा पोरगा, म्हणजे हरणाबाईचा नवरा, दोघांना शिक्षा झाली. धाकट्या मुलीचं मोडलेलं लग्न जुळलं, आणि गजराबाईच्या घरात हरणाबाईचं नाव पुन्हा मोठ्यांदा घेतलं जाऊ लागलं.

यंत्र मात्र महिनाभर दुकानाच्या माळ्यावर पडून होतं. फकरुद्दीन हात लावेना. पण कारागिराला चैन पडत नाही, दोष कशात होता ते कळल्याशिवाय. एका संध्याकाळी त्यानं थाळी खाली काढली आणि दुकानाच्या फळ्या लावून दिव्याखाली धरली. सांध्यावरची ट्यूब त्याच्या हातची, गाठ त्याचीच. डांबराला कुठं चीर नव्हती. डांबराखाली मेण, मेणावर त्याच्याच अंगठ्याचा ठसा, जसाच्या तसा.

त्यानं मेण काढलं.

तांब्याच्या तारेवर केस गुंडाळलेले होते. बाईचे, लांब. धनगराच्या बायका लोकर कातताना पीळ देतात तसा पीळ देऊन, एकाला एक लागून, शेवटी नीट गाठ मारलेले.

त्यानं बोट लावून पाहिलं… ते ओले होते.